दोन्ही 'ओमा'च, मग एक साधी गाठ आणि दुसरी कॅन्सर कशी?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आईच्या पाठीवर दहा-बारा वर्षांपासून लिंबाएवढी गाठ होती. दुखायची नाही, बोटाने ढकलली की कातडीखाली इकडेतिकडे सरकायची. आडवं पडल्यावर टोचते म्हणायला लागली म्हणून मार्चमध्ये काढून घेतली. रिपोर्ट आला 'लायपोमा'. सर्जन म्हणाले, चरबीची गाठ आहे, विसरून जा. सात टाके, विषय संपला.

महिन्याभरात शेजारच्या घरात, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या मानेत गाठी आल्या. वय चौतीस. संध्याकाळी ताप, रात्री घामाने बनियन पिळून काढावी इतकी भिजणार, वजन सहा किलो उतरलं. त्यातली एक गाठ काढून तपासली. रिपोर्टात 'नॉन-हॉजकिन लिम्फोमा'. डॉक्टर म्हणाले ताबडतोब मुंबई गाठा.

आता घोळ असा की काकांनी दोन्ही कागद पडवीत शेजारी शेजारी ठेवले. "तुझ्या आईचा ओमा, ह्याचा पण ओमा. तिला काय झालं? काही नाही. मग ह्याला कशाला मुंबई? आंब्याच्या पेट्या उरकू देत, मिरगानंतर बघू." एक मावशी कुठलासा लेप घेऊन आली आहे, तो वेगळाच.

मी कॉमर्सवाला. काकांना पटेल असं मला सांगता येत नाहीये. 'ओमा' म्हणजे नक्की काय? गाठीला नाव कशावरून देतात? आणि साधी की वाईट हे सरळ नावातच का लिहीत नाहीत?

घावन_चटणी

आधी भावाला गाडीत बसवा. धागा गाडीत वाचा.

केटी_किंग

मी रत्नागिरीत तीन वर्षांचा डिप्लोमा पाच वर्षांत केला. तोही ओमाच. सौम्य धरायचा की दुर्दम? (दिवे घ्या. भावाला लवकर आराम पडू दे.)

मधली_आळी

केटी_किंग, काढून टाकला तरी दरवर्षी पुन्हा उद्भवत होता ना? मग दुर्दमच.

निवृत्त_मास्तर

सड्यावरचा, कॉमर्सला गेलात तरी दहावीपर्यंत विज्ञान होतंच. ऊतींचा धडा आठवा. प्राण्यांच्या ऊती चार: अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता. अभिस्तर म्हणजे अस्तर. कातडी, गालाची आतली बाजू, आतड्याचं अस्तर, ग्रंथी हे सगळं त्यात आलं. संयोजी म्हणजे हाड, कूर्चा, चरबी, रक्तसुद्धा. गाठींची बहुतेक नावं ह्याच घरांतून निघतात. अस्तराच्या पेशी बिघडून होतो तो कार्सिनोमा. हाड, चरबी, स्नायू ह्यांतून होतो तो सार्कोमा. ग्रीकमध्ये सार्क्स म्हणजे मांस. कॅन्सरच्या दहा रुग्णांतले आठ-नऊ कार्सिनोमाचेच असतात, कारण अस्तराच्या पेशी सतत झडतात आणि सतत नव्या होतात, आणि धूर, तंबाखू, ऊन पहिलं त्यांच्यावरच पडतं. मोठ्या माणसांत सार्कोमा शंभरात एखादा.

लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, गर्भाचे तीन थर असतात. बाहेरच्या आणि आतल्या थरापासून कार्सिनोमा, मधल्यापासून सार्कोमा.

आणि हे सगळं साहेबाने शोधलं असं समजू नका. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अकराव्या अध्यायात ग्रंथी (इथे अर्थ लहान गाठ) आणि अर्बुद (मोठी, वाढत जाणारी गाठ) ह्यांचा विचार आहे. रक्तार्बुद, मांसार्बुद, मेदोर्बुद अशी शरीरातल्या धातूंवरून नावं आहेत आणि रक्ताचं व मांसाचं अर्बुद असाध्य म्हटलं आहे. तुमच्या मातोश्रींची गाठ मेदाची!

खाडीपलीकडे

झालं. आता दहाव्या प्रतिसादापर्यंत पुष्पक विमान येणार.

निवृत्त_मास्तर

खाडीपलीकडे, विमान आणलेलं नाही. सुश्रुताला पेशी दिसत होत्या असंही म्हटलेलं नाही. गाठ कशाची बनली आहे हे आधी विचारावं, एवढं त्याला सुचलं होतं इतकंच म्हणतोय.

कुर्ली_मसाला

माका एक सांगा, त्या बिचाऱ्या कुर्लेक कित्याक बदनाम करतास? कर्करोग म्हणे! काल सांजेक चार कुर्ल्यो खाल्लंय, माका तर बरां वाटला.

निवृत्त_मास्तर

नाव आपण नाही ठेवलं हो. हिपोक्रेटसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी अशा गाठींना 'कार्किनोस' म्हणजे खेकडा म्हटलं. रोमन लोकांनी त्याचं लॅटिन केलं 'कॅन्सर', आपण केलं कर्क. मधल्या गाठीतून चहूकडे फुगलेल्या शिरा म्हणजे नांग्या, असं त्यांना वाटलं म्हणतात.

स्लाईडवाली

पॅथॉलॉजीत बावीस वर्षं झाली, मायक्रोस्कोपला डोळा लावून लावून मान गेली. मूळ प्रश्नाचं उत्तर देते.

आपल्याकडे नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न 'गाव खंयचा?' आणि दुसरा, मनातल्या मनात, 'माणूस कसा?' रिपोर्टातलं नाव ह्याच दोन प्रश्नांचं उत्तर असतं. नावाचं डोकं गाव सांगतं. लायपो म्हणजे चरबी, ऑस्टिओ हाड, काँड्रो कूर्चा, अँजिओ रक्तवाहिनी, अडिनो ग्रंथी. शेपूट स्वभाव सांगतं. नुसतं 'ओमा' असेल तर सहसा सौम्य. त्याच गावाला सार्कोमा किंवा कार्सिनोमा लागलं की दुर्दम. लायपोमा आणि लायपोसार्कोमा एकाच गावचे, पण पहिल्याला ओटीवर बसवून चहा द्यावा, दुसऱ्याला बेड्याच्या आत घेऊ नये.

स्वभाव म्हणजे काय ते सांगते. सौम्य गाठ वाढते ती स्वतःच्या पिशवीत, शेजाऱ्याला ढकलत. म्हणून ती बोटाखाली सरकते आणि सर्जनला अख्खी सोलून काढता येते. दुर्दम पेशी शेजाऱ्याच्या कुंपणात मुळं घालतात, आणि रक्तातून किंवा लसिकेतून लांब जाऊन दुसरं बिऱ्हाड मांडतात. सौम्य गाठीच्या पेशी आईबापांवर गेलेल्या असतात, चरबीची पेशी चरबीसारखीच दिसते. दुर्दम जसजशा बिघडत जातात तसतशा ओळख विसरतात, कधीकधी इतक्या की त्या कुठल्या गावच्या हेच कळेनासं होतं.

आता तुमच्या काकांची फसगत कुठे झाली? मी 'सहसा' म्हटलं त्या शब्दात. ओमा हे शेपूट मायक्रोस्कोपपेक्षा कितीतरी जुनं, अर्थ साधारण सूज, फुगवटा इतकाच. नियम नंतर आला, आधी चिकटलेली नावं तशीच राहिली. लिम्फोमा, मेलानोमा, मायलोमा, सेमिनोमा, मेसोथेलिओमा ह्या सगळ्यांचं शेपूट साधं आणि स्वभाव दुर्दम. लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर आहे. ह्या पेशींचं मुळातलं कामच अंगभर फिरण्याचं. त्यांना पिशवीत कोण बांधून ठेवणार? म्हणून तिथे 'साधी गाठ, काढली, संपलं' हा हिशोब चालत नाही, औषध बहुधा अंगभर द्यावं लागतं. उलट हिमॅटोमा म्हणजे मार लागून साकळलेलं रक्त, ग्रॅन्युलोमा टीबीतही सापडतो. ही दोन्ही अर्बुदं नव्हेतच.

मास्तर, एक सुधारणा करते, राग नसावा. थरांचा नियम आम्हालाही शिकवला होता, पण तो पाळायला गेलं की अडतो. मूत्रपिंडाच्या नळ्या गर्भाच्या मधल्या थरातून येतात, तरी तिथला कॅन्सर कार्सिनोमाच. पेशी आज काय काम करते ते बघायचं, तिचा पणजोबा कोण ते नाही.

सड्यावरचा, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन ह्या तिन्ही गोष्टी डॉक्टर मुद्दाम विचारून लिहून घेतात, त्यांना महत्त्व आहे. मिरगाची वाट बघू नका.

निवृत्त_मास्तर

राग कसला, छत्तीस वर्षं पोरांना तो नियम सांगत होतो. एकाही पोराने मूत्रपिंडाचं विचारलं नाही!

ग्लास_अर्धा

सासऱ्यांना ग्लॉकोमा आहे. वरचं अर्धंच वाचून सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. शेवटपर्यंत वाचून दाखवतोय.

स्लाईडवाली

अरे देवा. ग्लॉकोमा डोळ्यातल्या दाबाचा आजार. थेंब वेळेवर घालायला सांगा आणि देव बाहेर काढा.

हापूसवाला

मी असं समजावलं असतं: कॅन्सर म्हणजे कलमावरचं बांडगूळ. झाडाचा रस पिऊन गुबगुबीत होतं आणि फांदी वाळते. वेळेत तोडलं तर झाड वाचतं. काकांची कलमं असतील तर दोन मिनिटांत पटेल.

दापोलीचा_पदवीधर

हापूसवाला, उदाहरण पटण्यासारखं आहे पण चुकीचं आहे, आणि चूक नेमकी मुद्द्याच्या जागी आहे. बांडगूळ परकं. पाखरू बी आणून चिकटवतं, पान वेगळं, फूल वेगळं, लांबूनही ओळखू येतं. कॅन्सर परका नसतो. तो त्याच झाडाच्या त्याच फांदीचा असतो, म्हणून तर शरीराचे राखणदार त्याला हटकत नाहीत आणि म्हणून तर तो 'कुठल्या फांदीचा' हे विचारता येतं.

झाडांची खरी अर्बुदं बघायची असतील तर क्राऊन गॉल बघा, गुलाबाच्या बुंध्याशी येतात त्या खडबडीत गाठी. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. मग जिवाणू मेला तरी गाठ वाढत राहते. पण झाडाची पेशी भिंतीत चिणलेली, तिला उठून दुसऱ्या फांदीवर जाता येत नाही. झाडाला गाठी येतात, पण माणसातल्यासारखा कॅन्सर अंगभर पसरत नाही.

हापूसवाला

मान्य. पण काकांसमोर जिवाणूचा डीएनए काढलात तर ते पेट्या भरायला उठून जातील.

मधली_आळी

सौम्य ह्या शब्दावर मला बोलायचंय. सौम्य म्हणे! माझ्या गर्भाशयात तीन गाठी होत्या, सगळ्यात मोठी नारळाच्या बोंड्यापेक्षा थोरली. रिपोर्टात नाव 'लायोमायोमा', म्हणजे फायब्रॉइड. गर्भाशयाच्या स्नायूची गाठ, शंभर टक्के सौम्य. दोन वर्षं पाळीत इतकं रक्त गेलं की हिमोग्लोबिन सहावर आलं. पायऱ्यांची विहीर आहे आमची, कळशी घेऊन वर येताना मधल्या पायरीवर बसायचे. सासूबाई म्हणायच्या, साधीच गाठ आहे ना, मग काय सारखं सारखं. शेवटी पिशवी काढली. आता दोन कळशा आणते.

तर साधी म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हेही काकांना सांगा.

स्लाईडवाली

मधली_आळी, अगदी. मेंदूच्या आवरणाची गाठ, मेनिंजिओमा, बहुतेक वेळा सौम्य असते. पण कवटीत जागाच नाही, ढकलणार कुणाला? तिथे साधी गाठही जिवावर येते. आणि उलट्या टोकाला कातडीचा बेसल सेल कार्सिनोमा. नाव घाबरवणारं, पण तो लांब पसरतो क्वचितच. जागच्या जागी मात्र नाक-डोळा पोखरत जातो.

खाडीपलीकडे

सगळं ठीक आहे, पण आमच्या भागात अनुभव असा की गाठीला सुरी लागली की ती चेकाळते. आमच्या आतेचं तसंच झालं. बरी हिंडतफिरत होती, सुई घातली आणि चार महिन्यांत गेली. डॉक्टर लोक हे कबूल करत नाहीत.

घावन_चटणी

खाडीपलीकडे, सुई घातली तेव्हा गाठ किती दिवसांची होती?

खाडीपलीकडे

दीडेक वर्षाची असेल. लेप चालू होते.

घावन_चटणी

बरं.

स्लाईडवाली

आत्याबद्दल वाईट वाटलं. तुमच्या म्हणण्यात एक लहानसा खरा भाग आहे, तो नाकारणार नाही. सुईच्या वाटेने पेशी सांडणं ही गोष्ट घडते, पण फार क्वचित. म्हणूनच हाडाच्या किंवा मांडीतल्या सार्कोमाची शंका असली तर तुकडा कुठून घ्यायचा हे पुढे ऑपरेशन करणाऱ्यानेच ठरवायचं असतं, म्हणजे ती वाट नंतर गाठीबरोबर काढून टाकता येते. अंडकोशाच्या गाठीत बाहेरून सुई घालत नाहीत. ही काळजी आहे. पण तुकडा न घेता उपचार करणं म्हणजे पत्ता न लिहिता पाकीट टाकणं. लिम्फोमात तर नुसत्या सुईवर भागत नाही, होता होईल तो अख्खी गाठ मागतो आम्ही, कारण पेशींइतकीच त्यांची मांडणीही बघायची असते.

रापणकर

बाबांचं लिहितो. आयुष्यभर तंबाखू-चुना डाव्या गालात. रापण ओढताना, जाळं शिवताना, झोपतानाही. आधी गालात पांढरा चट्टा आला. खरवडला तरी निघेना. चट्टा दुखत नाही म्हणून दोन वर्षं गेली. मग खरबरीत झालं, मग जखम, आणि कोळंबीचं तिखट कालवण बंद झालं तेव्हा ते दवाखान्यात यायला तयार झाले. कालवण सुटलं नसतं तर आलेच नसते. रिपोर्ट: 'वेल डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा'. मी 'वेल' वाचून खूश. वाटलं, चांगला निघाला.

अर्धा जबडा काढला. पाच वर्षं झाली, आहेत. पेज पितात, शिव्या स्पष्ट देतात.

त्या 'वेल'चा अर्थ आजही मला नीट कळलेला नाही.

स्लाईडवाली

रापणकर, स्क्वॅमस म्हणजे चपट्या, खवल्यांसारख्या पेशींचं अस्तर, गालात असतं ते. हे झालं गाव. 'वेल डिफरन्शिएटेड' म्हणजे बिघडल्या तरी पेशी अजून घरचं काम करताहेत, केराटिन (कातडी-नखांतलं कडक प्रथिन) बनवताहेत. स्लाईडवर त्याचे गोल गोल वेटोळे दिसतात, कांदा आडवा कापल्यासारखे. त्यांना आम्ही मोती म्हणतो. ही झाली ग्रेड. किती पसरलाय ती स्टेज, ती निराळी. बरेच लोक दोन्ही एकच समजतात.

पानवाला_नाही

तंबाखूला सगळे बोलतात, सुपारीला कुणी बोलत नाही. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ सालीच सुपारी कॅन्सरकारक ठरवली, तंबाखूशिवायची सुद्धा. महाराष्ट्रात २०१२ ला गुटखाबंदी झाली, पण सुपारीचा खकाणा तोंडात आहेच. सारखी सुपारी चघळून गाल आतून ताठ होतात, तोंडात तीन बोटं उभी मावेनाशी होतात. त्यातून पुढे कार्सिनोमा होऊ शकतो.

रोठेवाला

आलात आमच्या पोटावर. श्रीवर्धनी रोठा आमच्या तीन पिढ्या लावतात. लग्नात, पूजेत, पाहुण्यांपुढे तबकात सुपारी आपलीच ना? आमचे आजोबा अठ्ठ्याण्णव वर्षं जगले, जेवणानंतर एक खांड रोज.

पानवाला_नाही

एक खांड आणि दिवसाला पंधरा पुड्या ह्यात फरक आहे की नाही? पूजेतला गणपती चघळत नाही कुणी.

रोठेवाला

तेच म्हणतोय, पुड्यांवर बोला. बागेवर नको.

पानवाला_नाही

चघळणाऱ्याच्या गालाला बाग कुणाची ते कळत नाही.

संपादक

सुपारीसाठी वेगळा धागा काढावा. इथले पुढचे सहा प्रतिसाद हलवले आहेत.

पागोळी

अवांतर वाटेल, पण गाठीचं गाव कळायला गाठ लॅबपर्यंत धड पोचायला लागते. माझ्या बहिणीच्या स्तनातली गाठ एका लहान दवाखान्यात काढली. आमच्या हातात बाटली दिली आणि सांगितलं, मोठ्या लॅबला नेऊन द्या. मे महिना, एसटी, फोंडा घाट. बाटली मी रुमालात धरून मांडीवर घेतली होती, शेजारची बाई विचारते, लोणचं का हो? लॅबमध्ये झाकण उघडलं तर वास. गाठ टिकवायचं फॉर्मलीन नव्हतंच, सलाईनमध्ये घातली होती. अभिप्राय आला, पेशी सडल्यामुळे निदान करता येत नाही. दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, तुम्ही उशिरा पोचलात.

पुढे राहिलेल्या भागातून पुन्हा तुकडा घ्यावा लागला. 'फायब्रोअडिनोमा' निघाला, सौम्य. पण ते सतरा दिवस बहीण जेवली नाही.

स्लाईडवाली

हे वाचून हात शिवशिवले. सगळ्यांनी लक्षात ठेवा: गाठ दहा टक्के फॉर्मलीनमध्ये, गाठीच्या निदान दहापट, बाटली रुंद तोंडाची, बाटलीवर नाव. झाकणावर नाही, झाकणं बदलतात. मीठपाणी नको, बर्फ नको.

तांडेल

स्लाईडवर दिसतं काय पण? आम्हाला कोण दाखवणार?

स्लाईडवाली

सांगते, हे माझ्या आवडीचं. गाठ आधी मेणात बसवतात, तिचा काडेपेटीहून लहान ठोकळा होतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. मग दोन रंग. एकाने पेशीचं केंद्रक पिकल्या जांभळासारखं होतं, दुसऱ्याने बाकीचा भाग सोलकढीसारखा गुलाबी. ह्या जांभूळ-सोलकढीत माझी बावीस वर्षं गेली.

लायपोमा म्हणजे तुमचं जाळं वाळत घातलंय असं दिसतं, तांडेल. चरबी प्रक्रियेत विरघळून जाते, उरतात रिकाम्या गोल पेशी, एकसारखी भोकं असलेलं जाळं. केंद्रक कडेला दोऱ्याच्या गाठीएवढं. लिम्फोमात जाळं नाहीच. जांभळा सडा. नुसती केंद्रकं, एकाला एक खेटून, आणि गाठीची मूळची आखणी पुसून गेलेली. त्यात उल्लूच्या डोळ्यांसारखी जोडकेंद्रकाची मोठी पेशी दिसली तर तो हॉजकिनचा. थॉमस हॉजकिनने हा आजार १८३२ साली लिहून ठेवला, त्याला ही पेशी मात्र दिसली नव्हती, त्याने गाठी नुसत्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. बाकीचे सगळे ते 'नॉन-हॉजकिन'. हे नाव म्हणजे 'आमच्या वाडीतला नव्हे' असं सांगण्यासारखं. म्हणून पुढे आणखी चाचण्या लागतात, बी पेशीचा की टी पेशीचा (हे लिम्फोसाइटचे दोन प्रकार), पेशीवर सीडी २० नावाचं प्रथिन आहे का. त्यावरून औषध ठरतं.

वरची_वाडी

केसांची गाठ कुठल्या गावची मग? आमच्याकडे एका मुलीच्या पोटातून निघालेल्या गाठीत केस आणि दात होते, खरोखरचे. करणी म्हणून दोन कोंबडे गेले.

निवृत्त_मास्तर

टेराटोमा! बीजांडकोशातली गाठ, बीजपेशीपासून होते. बीजपेशीत सगळं शरीर घडवायची शक्यता असते, तेव्हा गाठीत कातडी, केस, दात, कूर्चा काहीही सापडतं. तरुण मुलींत सापडते ती बहुधा सौम्यच असते. इथे थरांचा नियम मला वापरू द्या, तिन्ही थर एका गाठीत सापडतात.

स्लाईडवाली

मास्तर, इथे पैकीच्या पैकी. कोंबड्यांचं वाईट वाटलं.

चाकरमानी_डोंबिवली

माझा प्रश्न. भावोजींना आतड्याचा कॅन्सर होता. आता यकृतात गाठी आहेत. मग त्यांना यकृताचा कॅन्सर झाला म्हणायचं का? नातेवाईक 'दुसरा कॅन्सर झाला' म्हणतात.

दापोलीचा_पदवीधर

तुम्ही डोंबिवलीत किती वर्षं आहात?

चाकरमानी_डोंबिवली

एकतीस. का?

दापोलीचा_पदवीधर

आणि गाव विचारलं तर काय सांगता?

चाकरमानी_डोंबिवली

कणकवली. ...कळलं.

स्लाईडवाली

ह्याहून चांगलं मी सांगू शकले नसते. यकृतातल्या त्या गाठी आतड्याच्याच पेशींच्या आहेत, औषधंही आतड्याच्या कॅन्सरचीच चालतात. आणि ज्याने गाव सांगणंच सोडलंय त्यालाही आम्ही बोलतं करतो. पेशींवरची प्रथिनं रंगवून बघायची. सायटोकेरॅटिन मिळालं तर बहुधा अस्तरातला, कार्सिनोमा. सीडी ४५ मिळालं तर रक्तपेशींच्या घरचा. माणूस कितीही शहरी झाला तरी चिडला की मालवणी बोलतो, तसं.

नोंदवही

मी कॅन्सरच्या नोंदणीत आकडे भरायचं काम केलं आहे. मूळ प्रश्न होता की साधी की वाईट हे नावात का लिहीत नाहीत. लिहितात हो, फक्त रुग्णाच्या कागदावर ते सहसा नसतं. जगभर गाठींना एक क्रमांक देतात. चार आकडे पेशीचे, मग तिरकी रेघ, मग एक आकडा स्वभावाचा. रेघेनंतर ० म्हणजे सौम्य, १ म्हणजे सांगता येत नाही, २ म्हणजे दुर्दम आहे पण अजून उंबऱ्याच्या आत, ३ म्हणजे दुर्दम, ६ म्हणजे दुसरीकडून आलेला.

लायपोमा ८८५०/०. लायपोसार्कोमा ८८५०/३. गाव तेच, बघा. नॉन-हॉजकिन लिम्फोमा ९५९१/३. काकांना इंग्रजी नावं दाखवूच नका, रेघेनंतरचा आकडा दाखवा. आईचा शून्य, भावाचा तीन.

हापूसवाला

हे बेस्ट. पेटीवर डझनाचा आकडा वाचणाऱ्या माणसाला हेच कळणार.

सड्यावरचा

सगळ्यांचे आभार. दोन दिवस इकडे येता आलं नाही.

काकांना शून्य आणि तीन कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "तीन म्हणजे तीनच ना? वर चार, पाच असं काय नाय ना?" मी सहाचं सांगितलं नाही. मग म्हणाले, "पेट्या तू बघशील?" म्हटलं बघतो. आत गेलो तर वहिनीने बॅग आधीच भरून ठेवलेली, काका हो म्हणोत की न म्हणोत. तिकिटंही तिनेच काढलेली. मी इकडे शेपूट आणि डोकं शिकत बसलो होतो.

आज रात्रीच्या कोकणकन्येने निघतायत, पहाटे दादर, तिथून परळ. मावशीचा लेप पडवीतच राहिलाय. स्लाईडवाली ताई, बरोबर काय द्यायचं? रिपोर्टची झेरॉक्स पुरेल का?

स्लाईडवाली

झेरॉक्स नको, मूळ रिपोर्ट द्या. आणि ज्या लॅबने तपासलं तिथून स्लाईड आणि ब्लॉक मागून घ्या. तिकडचे डॉक्टर पुन्हा बघतात, पुढच्या चाचण्याही त्याच ब्लॉकवर होतात, नाहीतर परत तुकडा घेण्यात दिवस जातील. अर्ज द्यावा लागेल, आज दुपारच्या आत जा.

सड्यावरचा

मिळाले. दोन ब्लॉक, चार स्लाईड, सही घेऊन दिले. एवढासा मेणाचा तुकडा, त्यात मध्ये तपकिरी ठिपका. भावाने हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, हाच काय तो.

घावन_चटणी

डब्यात घावनं द्या. गाडीतलं खाऊ देऊ नका त्याला.

स्लाईडवाली

आणि ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, स्टेशनात पोचेपर्यंत. मेण आहे, मे महिना आहे.